घराचे ॲडिशन आणि रिमॉडेल: काँट्रॅक्टर कसा निवडावा?



"घर पहावे बांधून" असे आपल्याकडे म्हणतात. इथे कॅलिफोर्नियात आपण बहुतेक जण घर तयारच विकत घेतो, त्यामुळे ती वेळ आपल्यावर आली नाही असे वाटते. ती येते काही वर्षांनी. मुले मोठी होतात, किंवा भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी येणार असतात आणि त्यांना जिना चढणे झेपत नसते. मग खाली एक बेडरूम-बाथरूम काढावी, त्याच हिशेबात किचनही करून घ्यावे, असा विषय निघतो. पॉटलकमध्ये हा विषय निघाला की दोन मिनिटांत तीन सल्ले मिळतात: "माझ्याकडे एक ओळखीचा माणूस आहे", "कॅश दिलीस तर स्वस्तात करेल", आणि "परमिट-बिरमिटच्या भानगडीत पडू नकोस".

गेल्या वर्षी आम्ही हे काम करून घेतले. त्या निमित्ताने जी माहिती गोळा झाली, ती मंडळाच्या सभासदांना एका जागी मिळावी म्हणून हा लेख लिहीत आहे. मी बांधकाम क्षेत्रातला नाही, सॉफ्टवेअरमधला आहे. पण खूप वाचले, सिटीच्या काउंटरवर बरेच तास काढले आणि चार काँट्रॅक्टरांची अंदाजपत्रके घेऊन ताडून पाहिली. इथले नियम कॅलिफोर्नियाचे आहेत. इतर राज्यांत चित्र वेगळे असते. उदाहरणार्थ, टेक्सासमध्ये जनरल काँट्रॅक्टरला राज्याचे लायसन्सच लागत नाही. तेव्हा बाहेरच्या वाचकांनी आपापल्या राज्याचे नियम पाहावेत.

सगळ्या लेखाचे सार आधीच सांगतो. काँट्रॅक्टर गोड बोलतो की नाही यावरून तो निवडायचा नसतो. त्याच्याबद्दल जे जे कागदावर तपासता येते ते तपासायचे आणि करार असा करायचा की तुमचे पैसे नेहमी कामाच्या मागे राहतील, पुढे कधीच जाणार नाहीत. बाकीचे सगळे या दोन गोष्टींचा तपशील आहे.

१. काँट्रॅक्टर शोधण्याआधी

ऑफिसात आपण रिक्वायरमेंट न ठरवता कोणाला एस्टिमेट मागत नाही. घराच्या बाबतीत मात्र हमखास तेच करतो. "एक बेडरूम वाढवायची आहे, किती घेणार?" असे विचारले तर उत्तरही तसेच मोघम मिळणार.

आधी नकाशे करून घ्या. ॲडिशनसाठी आर्किटेक्ट किंवा डिझायनर लागतो, आणि पाया, तुळया, भिंती यांच्या गणितासाठी स्ट्रक्चरल इंजिनिअर. भूकंपाचा प्रदेश असल्याने हे गणित इथे गांभीर्याने घेतले जाते. त्याशिवाय राज्याच्या टायटल २४ या ऊर्जा नियमांचा रिपोर्ट लागतो. सिटीच्या प्लॅनिंग खात्यात जाऊन दोन गोष्टी विचारा: हद्दीपासून किती अंतर सोडावे लागते, आणि प्लॉटच्या मानाने घराचे क्षेत्रफळ किती वाढवता येते. एच.ओ.ए. असेल तर त्यांची परवानगी वेगळी.

याच वेळी खर्चाच्या दोन बाबी लक्षात ठेवा. एक, वाढवलेले क्षेत्र ५०० चौरस फुटांपेक्षा जास्त झाले तर शाळांसाठीची डेव्हलपमेंट फी लागू होऊ शकते. त्यामुळे नकाशा ५२० वर आला असेल तर ५०० च्या आत बसतो का, हे डिझायनरला जरूर विचारा. दोन, प्रॉपर्टी टॅक्स. १९७८ च्या प्रपोझिशन १३ मुळे मूळ घराचे करपात्र मूल्य तसेच राहते. फक्त नव्याने बांधलेल्या भागाचे मूल्य त्यात मिळवले जाते आणि त्याचे सप्लिमेंटल बिल येते. जुनी कपाटे काढून नवी बसवणे यासारख्या नूतनीकरणाने सहसा मूल्य वाढत नाही.

आपल्या घरच्या गरजा नकाशातच घाला. फोडणीचा धूर बाहेर टाकणारा दमदार हूड आणि त्याचा डक्ट कुठून जाणार? देवघर कुठे? वास्तूप्रमाणे शेगडीची दिशा पाहायची असेल तर ती आत्ताच ठरवा, गॅसची लाइन टाकून झाल्यावर नाही. आई-बाबांसाठी खोली असेल तर बाथरूमला उंबरा नसलेला शॉवर, बादली-मग वापरता येईल असा खालच्या उंचीचा नळ, दार रुंद, आणि भिंत बंद करण्याआधी आत लाकडी आधार. हा आधार आत असला की पुढे कधीही धरायचा दांडा पक्का बसवता येतो. आत्ता त्याला फारसा खर्च येत नाही, नंतर मात्र टाइल फोडावी लागते.

२. लायसन्स: पाच मिनिटांत काय काय कळते

कॅलिफोर्नियात काँट्रॅक्टरांना काँट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्ड, म्हणजे सी.एस.एल.बी., लायसन्स देते. १ जानेवारी २०२५ पासून मजुरी व सामान मिळून १,००० डॉलर्स किंवा त्याहून मोठ्या कामाला लायसन्स लागते. त्याआधी ही मर्यादा ५०० होती. काम लहान असले तरी त्याला बिल्डिंग परमिट लागत असेल किंवा त्या माणसाने हाताखाली कामगार ठेवले असतील, तर ही सूट मिळत नाही. ॲडिशनला लायसन्स लागतेच, त्यात शंका नाही.

लायसन्सचा नंबर मागा आणि बोर्डाच्या वेबसाइटवर टाका. तिथे हे पाहा:

लायसन्स चालू आहे का. मुदत संपलेले, निलंबित झालेले लायसन्स तिथे स्पष्ट दिसते.

कोणाच्या नावावर आहे. काही जण दुसऱ्याचा नंबर सांगतात. म्हणून लायसन्सचे खिशातले कार्ड आणि फोटो असलेले ओळखपत्र दोन्ही पाहायला मागा. यात संकोच करू नका, खरा काँट्रॅक्टर रागावत नाही.

कोणत्या वर्गाचे आहे. इथे बरेच लोक फसतात. ॲडिशनसाठी जनरल बिल्डिंगचे "बी" लायसन्स हवे. २०२१ पासून "बी-२" नावाचा रेसिडेन्शियल रिमॉडेलिंगचा वेगळा वर्ग सुरू झाला आहे. बी-२ वाला किचन-बाथरूमचे नूतनीकरण करू शकतो, पण पाया किंवा भार घेणाऱ्या भिंती-तुळया यात बदल करण्याचे काम घेऊ शकत नाही. म्हणजे "रिमॉडेलिंग" हा शब्द पाहून ॲडिशन त्याच्याकडे देता येत नाही. एकेका कामाचे वर्ग "सी" पासून सुरू होतात: इलेक्ट्रिकल सी-१०, प्लंबिंग सी-३६, हीटिंग आणि एअर कंडिशनिंग सी-२०, छप्पर सी-३९. जनरल काँट्रॅक्टर ज्या सबकाँट्रॅक्टरांना आणणार आहे, त्यांचे नंबरही याच पद्धतीने तपासा.

बाँड आहे का. १ जानेवारी २०२३ पासून ही रक्कम २५,००० डॉलर्स आहे, त्याआधी १५,००० होती. "आम्ही बाँडेड आहोत" हे ऐकून निर्धास्त होऊ नका. ही रक्कम एकट्या तुमच्यासाठी नसते, त्या काँट्रॅक्टरविरुद्ध दावा करणाऱ्या सगळ्यांत मिळून तेवढीच. तीन लाखांच्या कामात ती म्हणजे दर्या में खसखस.

वर्कर्स कॉम्पेन्सेशन विमा. याच्यापुढे "एक्झेम्प्ट" असे लिहिलेले असेल तर त्याचा अर्थ त्या काँट्रॅक्टरने "माझ्याकडे एकही नोकर नाही" असे लिहून दिलेले आहे. आणि तो साइट पाहायला चार माणसे घेऊन आला, तर ती कोण? त्यातला एखादा छपरावरून पडला तर प्रकरण तुमच्या दारात येऊ शकते. विमा असेल तर विमा कंपनीकडून थेट तुमच्या नावे सर्टिफिकेट मागवा, काँट्रॅक्टरने दिलेल्या झेरॉक्सवर थांबू नका.

जनरल लायबिलिटी विमा. तुमच्या किंवा शेजाऱ्याच्या घराचे नुकसान झाले तर हा कामाला येतो. एल.एल.सी. सोडल्यास इतर काँट्रॅक्टरांना हा विमा कायद्याने सक्तीचा नाही. म्हणून तो आहे का आणि किती रकमेचा, हे वेगळे विचारावे लागते.

शिस्तभंगाची कारवाई. झालेली असेल तर त्याच पानावर नोंद असते. काउंटीच्या सुपीरियर कोर्टाच्या वेबसाइटवरही कंपनीचे नाव टाकून खटले पाहून घ्या.

३. लायसन्स नसलेला "ओळखीचा माणूस"

तो स्वस्त पडतो कारण तो विमा भरत नाही, बाँड भरत नाही, बहुधा परमिटही काढत नाही. काही जण सुचवतात, "परमिट तुम्ही तुमच्या नावाने ओनर-बिल्डर म्हणून काढा, काम मी करतो." याचा अर्थ नीट समजून घ्या. त्या सहीने तुम्ही स्वतः बांधकामाची जबाबदारी घेता. त्याची माणसे कायद्याच्या नजरेत तुमचे नोकर ठरू शकतात, आणि मग विमा, पेरोल टॅक्स, अपघात सगळे तुमच्याकडे. स्वतः उभे राहून काम करून घेण्याचा वेळ आणि ज्ञान असेल त्याने ओनर-बिल्डर जरूर व्हावे. पण ऑफिसच्या मीटिंगांमधून उंटावरून शेळ्या हाकायच्या असतील तर या वाटेला जाऊ नये. परमिट काँट्रॅक्टरनेच काढावे.

विनापरमिट खोलीची किंमत पुढे मोजावी लागते. घर विकताना ती माहिती लिहून द्यावी लागते, अप्रेझर ते क्षेत्रफळ धरेलच असे नाही, आणि सिटीने बंद भिंती उघडून दाखवायला सांगितले तर तो खर्चही आपलाच.

४. अंदाजपत्रके: आकडा नाही, यादी वाचा

निदान तीन अंदाजपत्रके घ्या आणि तिघांनाही एकच नकाशा, एकच यादी द्या. आमच्याकडे चार आली आणि ती एका एक्सेल शीटमध्ये ओळीला ओळ लावल्यावरच खरा फरक दिसला. कसा ते एका उदाहरणाने सांगतो. आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत, बाजारभाव म्हणून नाहीत.

समजा "अ" ने २,१०,००० डॉलर्स सांगितले आणि "ब" ने २,६५,०००. पहिल्या नजरेत ५५,००० वाचतात. आता "अ" च्या यादीत काय नाही ते पाहा:

इलेक्ट्रिक पॅनेल मोठे करणे: ६,०००
खिडक्यांची धरलेली रक्कम अपुरी: ९,०००
हीटिंगचे डक्ट नव्या खोलीपर्यंत नेणे: १२,०००
आतला-बाहेरचा रंग: ११,०००
टाइल, नळ, सिंक यांची धरलेली रक्कम अपुरी: १४,०००
तोडफोडीचा कचरा उचलणे: ५,०००

बेरीज ५७,०००. म्हणजे "अ" चा खरा आकडा २,६७,०००, "ब" पेक्षा २,००० जास्तच! शिवाय हे ५७,००० तुम्ही अशा वेळी देणार की घराची एक भिंत उघडी आहे आणि दुसरा काँट्रॅक्टर शोधणे शक्य नाही. तेव्हा घासाघीस होत नाही, चेक फाडला जातो.

यातला "अलाउन्स" हा शब्द नीट समजून घ्या. टाइल, दिवे, नळ या वस्तू तुम्ही अजून निवडलेल्या नसतात, म्हणून काँट्रॅक्टर त्यांच्यासाठी एक अंदाजी रक्कम धरतो. टाइलला चौरस फुटाला ३ डॉलर्स धरले आणि बायकोला आवडलेली ९ ची निघाली, तर फरक तुमचा. यावर उपाय एकच. दुकानात जाऊन वस्तू आधी निवडा आणि मॉडेल नंबरसह यादी सर्वांना द्या. कंटाळवाणे काम आहे, पण अंदाजपत्रकांची खरी तुलना त्यानंतरच होते.

सर्वांपेक्षा खूप कमी आकडा आला तर आनंद मानण्याआधी विचारा, "यात काय धरलेले नाही?" आणि उत्तर लेखी मागा.

जुन्या घरासाठी आणखी एक ओळ यादीत हवी. घर १९७८ च्या आधीचे असेल तर रंगात शिसे असू शकते. अशा घरात पैसे घेऊन रंगवलेले भाग तोडणाऱ्या-घासणाऱ्या काँट्रॅक्टरला ई.पी.ए. चे लेड-सेफ प्रमाणपत्र लागते. हा नियम २०१० पासून लागू आहे. जुन्या खडबडीत सीलिंगमध्ये आणि फरशीखालच्या गोंदात ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. तोडफोडीआधी तपासणी करून घ्या. घरात लहान मुले असतील तर यावर वाद नकोच.

५. जुन्या ग्राहकांना काय विचारायचे

"काम कसे झाले?" असे विचारले की "छान झाले" असेच उत्तर मिळते. त्यापेक्षा हे प्रश्न विचारा:

करारातली तारीख आणि प्रत्यक्ष संपल्याची तारीख यात किती फरक पडला?
करारातली रक्कम आणि शेवटी दिलेली रक्कम यात किती फरक पडला, आणि तो कशामुळे?
रोज साइटवर कोण असायचे? स्वतः काँट्रॅक्टर की मुकादम?
कधी सलग आठवडाभर कोणीच आले नाही, असे झाले का?
फायनल इन्स्पेक्शननंतर उरलेली बारीकसारीक कामे करायला तो परत आला का?

काँट्रॅक्टर आपल्या खूश ग्राहकांचेच नंबर देणार, हे उघड आहे. म्हणून सध्या चालू असलेली एक साइट दाखवायला सांगा. संध्याकाळी जाऊन पाहिली तरी बरेच कळते: सामान झाकलेले आहे का, वायरी लोंबत आहेत का, कचरा एका जागी आहे का. शिवाय बऱ्याच सिटींच्या वेबसाइटवर पत्त्यावरून परमिटची नोंद पाहता येते. त्याने केलेल्या दोन-तीन घरांचे पत्ते टाकून फायनल इन्स्पेक्शन पास झाले का ते पाहा.

मंडळातल्या शिफारशीबद्दलही एक शब्द. आपला माणूस आपल्याला फसवणार नाही, ही भावना समजण्यासारखी आहे. पण मित्राकडे त्याने फक्त फरशी बसवली असेल तर त्यावरून तो पाया घालू शकतो असे सिद्ध होत नाही. आणि ओळखीचा असला की करार मागायला, पैसे अडवून धरायला जीभ रेटत नाही. ओळखीच्याकडून काम करून घ्यायचे असेल तर कागद दुप्पट पक्का करा. त्यातच मैत्री टिकते.

६. करार

घराच्या सुधारणेचा करार कॅलिफोर्नियात लेखीच हवा आणि त्यात काय काय असावे हेही कायद्याने ठरवून दिले आहे: कामाचे वर्णन, एकूण रक्कम, सुरू आणि पूर्ण होण्याची अंदाजे तारीख, हप्त्यांचे वेळापत्रक, विम्याची आणि लियनची सूचना. कामाच्या वर्णनात "नकाशाप्रमाणे" इतकेच नको. नकाशाचा क्रमांक व तारीख, वस्तूंची यादी, आणि कोणती कामे धरलेली नाहीत त्यांची यादी, सगळे करारालाच जोडा.

मध्येच काही बदलले तर चेंज ऑर्डर लेखी हवी: काय बदलले, किती पैसे वाढले, किती दिवस वाढले, दोघांच्या सह्या, आणि हे सर्व काम करण्याआधी. अंगणात उभ्या उभ्या "हो, करून टाका" म्हणणे टाळा. घरातल्या सर्वांना सांगून ठेवा की बदल कोणी एकानेच कळवायचा, नाहीतर सकाळी एक निरोप जातो आणि संध्याकाळी दुसरा.

सही झाल्यावर मन बदलले तर सहसा तीन बिझनेस दिवसांत लेखी कळवून करार रद्द करता येतो. २०२१ पासून ६५ वर्षे किंवा त्यावरील व्यक्तीला पाच दिवस मिळतात.

७. पैसे: कामाच्या मागे, पुढे नाही

सही करताना आगाऊ रक्कम किती द्यायची यावर कॅलिफोर्नियात कायद्याची मर्यादा आहे: एकूण रकमेच्या १० टक्के किंवा १,००० डॉलर्स, यातले जे कमी असेल ते. म्हणजे आपल्या आकाराच्या कामात १,००० डॉलर्स, बस्स. सी.एस.एल.बी. ने मान्य केलेला विशेष बाँड असलेल्या मोजक्या काँट्रॅक्टरांना यातून सूट आहे आणि ती लायसन्सच्या पानावर दिसते. आम्हाला एकाने "मटेरियल बुक करायचे आहे" म्हणून २०,००० आगाऊ मागितले. लायसन्सच्या पानावर असा बाँड नव्हता. नियमाची आठवण करून दिल्यावर त्याचा फोन आला नाही. आमचे काम सोपे झाले.

पुढचे हप्तेही झालेल्या कामाच्या किंवा येऊन पडलेल्या सामानाच्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाहीत. हप्ते तारखांना बांधू नका, सिटीच्या इन्स्पेक्शनला बांधा. इन्स्पेक्टर तुमचा नोकर नाही आणि काँट्रॅक्टरचाही नाही, म्हणून त्याची सही हा उत्तम टप्पा. वरच्या २,६५,००० च्या कामाची एक शक्य मांडणी अशी:

करारावर सही: १,०००
पायाचे इन्स्पेक्शन पास आणि काँक्रीट ओतून झाले: ३८,७५०
सांगाडा उभा, छप्पर झाकले: ५३,०००
आतले प्लंबिंग, वायरिंग, डक्ट यांचे इन्स्पेक्शन पास: ५३,०००
इन्सुलेशन आणि ड्रायवॉल: ३९,७५०
कपाटे, टाइल, नळ, दिवे: ३९,७५०
फायनल इन्स्पेक्शन, उरलेल्या कामांची यादी पूर्ण, सर्व रिलीज हातात: ३९,७५०

करारात टक्के न लिहिता असेच डॉलर्समध्ये आकडे लिहायचे असतात. शेवटचा हप्ता घसघशीत ठेवा. काँट्रॅक्टरला पुढच्या साइटवरून तुमच्या दाराची कडी बसवायला परत आणणारी गोष्ट तीच असते. आणि तुमच्या बाजूने, टप्पा झाला की त्याच दिवशी चेक द्या. त्यालाही माणसांचे पगार करायचे असतात. कॅश कधीही नको.

८. लियन: एकाच कामाचे दोनदा पैसे

हा भाग सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहितीचा. समजा तुम्ही जनरल काँट्रॅक्टरला सगळे पैसे वेळेवर दिले. त्याने मात्र छपरावाल्याला किंवा लाकूड पुरवणाऱ्याला दिले नाहीत. तर तो छपरावाला तुमच्या घरावर मेकॅनिक्स लियन लावू शकतो. तुमच्याकडे चेकच्या पावत्या असल्या तरीही. लियन असताना घर विकणे किंवा रिफायनान्स करणे अडते, आणि प्रकरण कोर्टात गेले तर घरावर टाच येऊ शकते. लियन नोंदवल्यावर त्याने सहसा ९० दिवसांत दावा लावावा लागतो, नाहीतर तो लियन अमलात आणता येत नाही.

यावर संरक्षण आहे, पण ते आपल्याला वापरावे लागते.

काम सुरू झाले की घरी सर्टिफाइड मेलने "प्रिलिमिनरी नोटीस" येऊ लागतात. घाबरू नका, हा दावा नव्हे. "मी तुमच्या घरासाठी काम किंवा सामान पुरवत आहे" असे कळवणारे ते पत्र आहे. सबकाँट्रॅक्टर आणि पुरवठादारांनी ते काम सुरू केल्यापासून २० दिवसांत पाठवायचे असते. पत्रे कचऱ्यात टाकू नका, फाइलला लावा. पैसे कोणाकोणाला पोचायला हवेत त्याची ही आयती यादी आहे.

प्रत्येक हप्ता देताना या यादीतल्या प्रत्येकाकडून लियन सोडल्याचा कागद, म्हणजे वेव्हर अँड रिलीज, घ्या. त्याचे नमुने कायद्यातच छापलेले आहेत आणि ते चार आहेत: चालू हप्त्यासाठी दोन, शेवटच्या हप्त्यासाठी दोन. चेक देण्याआधी "कंडिशनल", म्हणजे चेक वटला तरच लागू होणारा. चेक वटल्यावर "अनकंडिशनल". एखाद्यावर शंका असेल तर काँट्रॅक्टर आणि त्या सबकाँट्रॅक्टर अशा दोघांच्या नावाने जॉइंट चेक देता येतो.

काम संपल्यावर १५ दिवसांच्या आत काउंटी रेकॉर्डरकडे नोटीस ऑफ कम्प्लीशन नोंदवा. तसे केल्यास लियन लावायची मुदत ९० दिवसांवरून जनरल काँट्रॅक्टरसाठी ६० आणि सबकाँट्रॅक्टर-पुरवठादारांसाठी ३० दिवसांवर येते. एका कागदाने दोन महिन्यांची चिंता कमी होते, तरी बहुतेक जण तो नोंदवत नाहीत.

९. काही बिघडलेच तर

आधी लेखी कळवा, फोटोसह, ईमेलने. मग सी.एस.एल.बी. कडे तक्रार करता येते. दिसणाऱ्या दोषांसाठी सहसा चार वर्षांची मुदत असते. बोर्डाकडे लवादाची सोयही आहे. लहान रकमेसाठी स्मॉल क्लेम्स कोर्ट आहे. तिथे व्यक्तीला १२,५०० डॉलर्सपर्यंत दावा करता येतो, आणि ही मर्यादा २०२४ पासूनची आहे. लायसन्स नसलेल्या काँट्रॅक्टरला आपल्या पैशांसाठी कोर्टात जाता येत नाही. उलट त्याला दिलेले पैसे परत मागण्याचा हक्क कायदा तुम्हाला देतो. अर्थात ते वसूल होणे ही वेगळी गोष्ट, तो सापडला पाहिजे!

फ्रीजवर लावायची यादी

नकाशे आणि वस्तूंची यादी पूर्ण झाल्याशिवाय अंदाजपत्रक मागू नये.
"बी" लायसन्स चालू आहे, नाव जुळते, ओळखपत्र पाहिले.
वर्कर्स कॉम्प आणि लायबिलिटीची सर्टिफिकेट्स विमा कंपनीकडून आली.
आपल्या घराच्या विमा कंपनीलाही बांधकामाचे कळवले.
तीन अंदाजपत्रके ओळीला ओळ लावून पाहिली.
तीन जुने ग्राहक, एक चालू साइट.
परमिट काँट्रॅक्टरच्या नावे.
आगाऊ १,००० डॉलर्सपेक्षा जास्त नाही. हप्ते इन्स्पेक्शनला बांधलेले.
प्रत्येक चेकमागे रिलीज. शेवटी नोटीस ऑफ कम्प्लीशन.

हे सगळे वाचून "इतके कोण करत बसणार" असे वाटेल. हिशेब केला तर काँट्रॅक्टर निवडण्याचे हे काम चार-पाच वीकएंडचे आहे आणि घरात गुंतलेली रक्कम पंधरा-वीस वर्षांच्या बचतीची. चांगले काँट्रॅक्टर इथे भरपूर आहेत, आणि असे प्रश्न विचारणारा ग्राहक त्यांना आवडतो, कारण तो पैसेही वेळेवर देतो. आई-बाबांचे तिकीट मात्र फायनल इन्स्पेक्शनच्या अंदाजे तारखेनंतर निदान दोन महिन्यांचे काढा. पावसाळा, सिटीची रांग आणि उशिरा येणाऱ्या खिडक्या यांच्यापुढे कोणताही करार चालत नाही.

सभासदांपैकी ज्यांनी असे काम करून घेतले आहे त्यांनी आपले अनुभव जरूर कळवावेत. कराराचा रक्कम मेलेला मसुदा आणि आमची तुलनेची एक्सेल शीट हवी असल्यास मंडळाच्या पुढच्या कार्यक्रमात भेटा, आनंदाने देईन. तुमच्या घरकामाला मनापासून शुभेच्छा!